मशीन अडकलंय, पण सीपीयू रिकामा: पीएसमधलं ते एक अक्षर आधी बघा

सोमवारी सकाळी सव्वादहाला एका छापखान्यातून फोन. "दादा, मशीन परत हँग झालंय. बंद करून चालू करू का?"

"नको ताई. पाच मिनिटं कशालाच हात लावू नका."

हा संवाद माझ्या आयुष्यात इतक्या वेळा झालाय की आता मला तो तोंडपाठ आहे. मी छोट्या ऑफिसांची लिनक्स मशीनं सांभाळतो. छापखाने, दवाखाने, एक-दोन हिशेबनीसांची ऑफिसं. बहुतेक मशीनं चार कोअर आणि आठ जीबी रॅमची, कोपऱ्यात धूळ खात पडलेली. त्यांचं ‘हँग होणं’ दर वेळी वेगळं वाटतं, पण खोलात गेलं की कारणं चार-पाचच निघतात. आणि त्यातलं जे सगळ्यात जास्त वेळा निघतं ते सीपीयूच्या टक्केवारीत दिसतच नाही. लोक टॉप (कोण किती सीपीयू खातंय ते दाखवणारी कमांड) उघडतात, सीपीयू रिकामा बघतात, "मशीन तर ठीक आहे" म्हणतात आणि रिस्टार्ट मारतात. चार दिवसांनी परत तेच.

आधी एक गोष्ट कमांडबद्दल. मी हे बहुतेक वेळा फोनवर सांगतो, म्हणून इथेही तसंच लिहितोय: ओळखीचा शब्द असेल तर शब्द (टॉप, फ्री, किल), नसेल तर सुटी अक्षरं (पीएस, एनपीआरओसी). टाइप करताना सगळं इंग्रजीत, लहान लिपीत. ‘-’ म्हणजे आडवी रेघ, ‘|’ म्हणजे उभी रेघ. मी पूर्वी ‘डॅश’ म्हणायचो. एकदा समोरून खरंच डी-ए-एस-एच टाइप झालं, तेव्हापासून आडवी रेघ.

लक्षणं कोणती

खालच्यापैकी दोन-तीन जुळत असतील तर पुढे वाचा.

- माउस व्यवस्थित हलतो, घड्याळ चालू आहे, पण फाइल उघडायला किंवा सेव्ह करायला गेलं की चकरी फिरत राहते.
- काही प्रोग्राम झकास चालतात, काही मात्र क्लिक केल्यावर उघडतच नाहीत.
- टर्मिनलमध्ये डीएफ (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) मारलं की कर्सर खाली येऊन बसतो. कंट्रोल-सी दाबलं तरी कधीकधी ढिम्म.
- किल -९ (जबरदस्तीने मारायची कमांड) मारलं तरी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, जागची हलत नाही.
- रिस्टार्ट केलं तर बंद होतानाच मशीन दहा-दहा मिनिटं अडतं आणि शेवटी कुणीतरी बटण दाबून धरतं.
- लाइट गेल्यानंतर किंवा सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी हटकून होतं.

पंखा जोरात ओरडतोय आणि माउससुद्धा तुटक-तुटक चालतोय, असं असेल तर तो वेगळा आजार. त्याचं उत्तर खालच्या दुसऱ्या-तिसऱ्या तपासणीतच मिळेल.

रिस्टार्ट का नको

रिस्टार्टने मशीन बहुतेक वेळा सुरू होतं, हे खरं. पण कोण अडकलं होतं, किती वेळापासून, कशासाठी, हा सगळा पुरावा त्याच क्षणी पुसला जातो. लिनक्समध्ये पीएस (चालू प्रोसेसची यादी देणारी कमांड) जे दाखवतं ते /प्रोक (पी-आर-ओ-सी) नावाच्या फोल्डरमधून वाचून. ते फोल्डर डिस्कवर नसतंच, कर्नल (लिनक्सचा गाभा) त्या-त्या क्षणी ते तयार करून देतो. मशीन बंद झालं की काहीच उरत नाही. म्हणून माझा नियम असा: आधी मोबाइलने स्क्रीनचे फोटो, मग बाकी सगळं. फुकटचं काम आहे आणि पुढे कुणाला बोलवायची वेळ आली तर त्याचा निम्मा वेळ वाचतो.

पहिली तपासणी: अपटाइम

अपटाइम एवढंच टाइप करून एंटर. ओळीच्या शेवटी लोडचे (किती प्रोसेस कामात किंवा रांगेत आहेत त्याचे) तीन आकडे येतात: गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांची सरासरी. त्याच्या खाली एनपीआरओसी मारा, म्हणजे मशीनमध्ये किती कोअर आहेत ते कळेल. चार कोअरवर लोड ३-४ असेल तर मशीन पूर्ण कामात आहे, पण अडकलेलं नाही. १० असेल तर कामं रांगेत उभी आहेत.

त्या सोमवारी ताईंनी वाचून दाखवलं: ४०.०२, ३९.९३, ३९.५७.

चार कोअरवर चाळीस! एवढ्यावर कुणीही म्हणेल की कुणीतरी सीपीयू खाऊन टाकलाय. पण तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत आणि पूर्ण आकड्यांच्या आसपास घुटमळतायत, हे मला खटकलं. खरं काम असतं तेव्हा लोड वरखाली होतो. इतका स्थिर लोड म्हणजे कुणीतरी काम न करता रांगेत नुसतं उभं आहे.

हे होऊ शकतं, कारण लिनक्सचा लोड म्हणजे फक्त सीपीयूची मागणी नव्हे. १९९३ पासून लिनक्समध्ये डिस्क किंवा तत्सम गोष्टीची वाट बघत ‘न उठवता येणाऱ्या’ झोपेत गेलेल्या प्रोसेसही लोडमध्ये मोजल्या जातात. बरेच जण इथेच फसतात, मीही पहिली दोन वर्षं फसलो. लोड जास्त म्हणून रॅम वाढवली, एकाला तर नवं मशीन घ्यायला लावलं. नव्या मशीनवरही तेच झालं, तेव्हा तोंड लपवायला जागा नव्हती.

दुसरी: टॉप, पण फक्त वरच्या चार ओळी

टॉप उघडलं की सगळ्यांची नजर खालच्या यादीवर जाते. आधी वर बघा. सीपीयूच्या ओळीत यूएस, एसवाय, आयडी, डब्ल्यूए अशी अक्षरं असतात. यूएस म्हणजे प्रोग्रामनी खाल्लेला सीपीयू, एसवाय म्हणजे कर्नलने, आयडी म्हणजे रिकामा, डब्ल्यूए म्हणजे डिस्कच्या प्रतीक्षेत बसलेला.

यूएस ९० च्या पुढे असेल तर गोष्ट सोपी: यादीतला पहिला माणूस गुन्हेगार. बहुतेक वेळा ब्राउझरचा एखादा टॅब, नाहीतर मोठी पीडीएफ घेऊन बसलेला प्रोग्राम. यादी सीपीयूप्रमाणे लावायला शिफ्ट-पी, मेमरीप्रमाणे लावायला शिफ्ट-एम. एखाद्या प्रोसेससमोर ३८० टक्के दिसले तर घाबरू नका. टॉपमध्ये १०० टक्के म्हणजे एक कोअर, त्यामुळे चार कोअरच्या मशीनवर एकच प्रोसेस ४०० पर्यंत जाऊ शकते.

इथे पीएस वापरू नका, टॉपच वापरा. पीएसमधला सीपीयूचा आकडा आत्ताचा नसतो. प्रोसेस जन्मल्यापासून आजवर तिने किती सीपीयू घेतला, त्याची ती सरासरी असते. दहा तास झोपलेली प्रोसेस गेली सहा मिनिटं पूर्ण कोअर खात असेल तर टॉप १०० दाखवेल आणि पीएस १ दाखवेल. दोन्ही खरंच सांगतात, प्रश्न वेगळे आहेत.

छापखान्यात आयडी ९७ होता. चाळीसचा लोड आणि सीपीयू ९७ टक्के रिकामा. म्हणजे हा सीपीयू खाल्ला गेल्याचा आजार नाही.

तिसरी: फ्री -एच

मेमरीचं पटकन बघून घ्या. ‘फ्री’च्या स्तंभाकडे बघू नका, तो आकडा जवळजवळ नेहमीच लहान असतो. मोकळी मेमरी लिनक्स फाइलींच्या कॅशेसाठी वापरतो आणि लागली की परत देतो. ‘अव्हेलेबल’ बघा. ती दोन-तीनशे एमबीवर आली असेल आणि स्वॅप (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) भरत चालला असेल तर मेमरीचा त्रास आहे. टॉपमध्ये शिफ्ट-एम मारा आणि कोण ते बघा.

पीएस एयूएक्समध्ये मेमरीचे दोन आकडे येतात, व्हीएसझेड आणि आरएसएस. व्हीएसझेड बघून छाती दडपते, कारण तो नुसता मागून ठेवलेला पत्ता असतो, प्रत्यक्ष मेमरी नव्हे. आरएसएस खरा, पण सगळ्यांचे आरएसएस बेरीज करू नका. सामाईक मेमरी प्रत्येकाच्या खात्यावर पुन्हा पुन्हा लिहिलेली असते, त्यामुळे बेरीज मशीनच्या रॅमपेक्षाही जास्त येऊ शकते.

एखादा प्रोग्राम आपोआप गायब होत असेल तर सूडो डीमेसेज -टी मध्ये (सूडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालवणं; डीमेसेज म्हणजे कर्नलची नोंदवही, डी-एम-ई-एस-जी, आणि टी मोठ्या लिपीतला) ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. मेमरी संपली की कर्नल स्वतःच एकाचा बळी देतो, आणि कुणाचा दिला ते तिथे लिहून ठेवतो.

चौथी: ते अक्षर

आता मुख्य गोष्ट. पीएसच्या यादीत एसटीएटी नावाचा स्तंभ असतो, त्यातलं पहिलं अक्षर म्हणजे प्रोसेसची अवस्था. आर म्हणजे चालू किंवा चालायला तयार. एस म्हणजे झोपलेली, पण हाक मारली की उठणारी. टी म्हणजे थांबवलेली. झेड म्हणजे मेलेली, पण नाव यादीतून न काढलेलं. आय हे कर्नलच्या रिकाम्या धाग्यांसाठी, त्याकडे दुर्लक्ष करा. आणि डी.

डी म्हणजे अशी झोप की हाक मारली तरी उठत नाही. प्रोसेसने डिस्कला किंवा नेटवर्कवरच्या फाइलसाठ्याला काहीतरी मागितलंय आणि उत्तर येईपर्यंत ती खुणेलाही ओ देणार नाही. किल -९ सुद्धा तिथे दार ठोठावत बाहेर उभं राहतं. निरोगी मशीनवर डी क्षणभर दिसतो आणि जातो. तोच डी दोन-चार मिनिटं तसाच राहिला तर तुमचा चोर सापडला.

सगळ्यांची मोजणी एका ओळीत:

पीएस -ईओ एसटीएटी | कट -सी१ | सॉर्ट | यूएनआयक्यू -सी

यात एसची संख्या एकाने जास्त येते, कारण वरच्या मथळ्याचं पहिलं अक्षरही एसच आहे. माझं नेहमीचं चित्र असं: एस दीडशे-दोनशे, आय काही डझन, आर एखाद-दुसरा, डी शून्य. ताईंच्या मशीनवर डीसमोर ४० होतं. लोडही ४०. हिशेब जुळला.

पीएस एयूएक्स मारल्यावर यादी अर्ध्यातच अडकून बसली तर घाबरू नका, तीही एक खूणच आहे. पूर्ण कमांड दाखवायला पीएसला प्रत्येक प्रोसेसच्या मेमरीत डोकवावं लागतं, आणि एखादी प्रोसेस फारच वाईट अडकली असेल तर डोकावणाराही अडकतो. वरच्या किंवा खालच्या ओळीत फक्त नाव आणि अवस्था मागितली आहे, त्यामुळे ती सहसा सुखरूप परत येते.

पाचवी: डीमध्ये कोण, कधीपासून, कशासाठी

सूडो पीएस -ईओ एसटीएटी,पीआयडी,पीपीआयडी,ईटीआयएमई,डब्ल्यूसीएचएएन:३०,सीओएमएम | ग्रेप ^डी

शेवटचा डी मोठ्या लिपीतला, आणि त्याच्या आधीचं ते छपरासारखं चिन्ह शिफ्ट-६ वर आहे. स्वल्पविरामांच्या मध्ये जागा सोडायची नाही. सूडो यासाठी की साध्या वापरकर्त्याला डब्ल्यूसीएचएएनचा स्तंभ बहुधा रिकामाच दिसतो.

पीआयडी म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, पीपीआयडी म्हणजे तिला सुरू करणाऱ्या पालकाचा क्रमांक. ईटीआयएमई म्हणजे प्रोसेस किती वेळापासून आहे. डब्ल्यूसीएचएएन म्हणजे ती कर्नलमध्ये कुठल्या दाराशी थांबली आहे. सीओएमएम म्हणजे नाव, पण ते १५ अक्षरांवर कापलेलं असतं, त्यामुळे लांब नावाचा प्रोग्राम अर्धवट दिसेल.

ताईंनी फोटो पाठवला. चाळीस ओळी, सगळ्या आरसिंकच्या (बॅकअपसाठी फाइलींच्या प्रती काढणारा प्रोग्राम). सगळ्यांच्या डब्ल्यूसीएचएएनमध्ये एकच शब्द: आरपीसी_वेट_बिट_किलेबल. सगळ्यात जुनीचा वेळ १-१५:१२:०६, म्हणजे एक दिवस, पंधरा तास, बारा मिनिटं, सहा सेकंद. तिच्यानंतरची बरोबर एक तासाने लहान. तिच्यानंतरची आणखी एका तासाने.

सव्वादहातून ३९ तास मागे गेलं की शनिवार संध्याकाळचे सात येतात. मी विचारलं, "शनिवारी सातच्या आत लाइट गेली होती का?"

"हो की! पावणेसातला. वीसेक मिनिटं. पण मशीन तर यूपीएसवर आहे दादा."

मशीन यूपीएसवर होतं. बॅकअपचा नॅसचा डबा (नेटवर्कवरून फाइली साठवणारा) नव्हता. तो टेबलाखाली थेट भिंतीच्या प्लगला. लाइट गेल्यावर डबा बंद पडला, लाइट आल्यावर स्वतःहून चालू झाला नाही. मशीनला मात्र यातलं काही माहीत नाही. दर तासाला क्रॉन (ठरल्या वेळी कामं सुरू करणारा) उठतो, एक आरसिंक सोडतो, तो एनएफएसने (नेटवर्कवरचा फाइलसाठा जोडायची पद्धत) जोडलेल्या डब्याच्या दाराशी जाऊन उभा राहतो. उत्तर येत नाही. एनएफएसची जोडणी साधारणतः ‘हार्ड’ असते, म्हणजे उत्तर येईपर्यंत थांब, कितीही वेळ लागो. शनिवार सात ते सोमवार दहा: चाळीस आरसिंक, मंदिरातल्या रांगेसारखे. आणि फाइल उघडायच्या खिडकीत तो डबाही दिसत असल्यामुळे ती खिडकी उघडणारा प्रत्येक प्रोग्राम त्याच रांगेत जाऊन उभा.

डब्याचा संशय पक्का करायला डीएफ मारू नका, ते स्वतः अडकतं. नुसतं माउंट मारा. ते फक्त यादी वाचून दाखवतं, डब्याला हात लावत नाही. यादीत एनएफएसची ओळ सापडली की त्यातला पत्ता घेऊन पिंग करा. उत्तर नाही? मग खाली वाकून डब्याचा दिवा बघा. चाळीसच्या लोडचं औषध कित्येकदा त्या एका बटणात असतं.

पण बटण लगेच दाबू नका! ही चूक मी एकदा केली आहे. डबा जागा झाला की रांगेतले चाळीसच्या चाळीस आरसिंक एकदम आत घुसतात, सगळे एकाच फोल्डरवर. लहान डब्याचा जीव तेवढा नसतो, आणि मशीन आधीपेक्षा जास्त अडकतं. म्हणून आधी रांग मोडायची:

पीजीआरईपी -ए आरएसवायएनसी

यातून फक्त बॅकअपचेच आरसिंक आहेत ना, याची खात्री करायची. मग:

सूडो पीकिल -९ आरएसवायएनसी

मघाशी म्हटलं की डीमध्ये -९ चालत नाही, मग इथे कसं? त्या लांब शब्दाच्या शेवटी ‘किलेबल’ आहे ते बघा. लिनक्स २.६.२५ पासून कर्नलमध्ये अशी एक मधली झोप आहे जी बाकी कुठल्या हाकेला उठत नाही, पण मारण्याच्या हाकेला उठते, आणि एनएफएस ती वापरतो. इथे साधं किल पुरत नाही, -९च लागतं. आरसिंकच्या बाबतीत ते निर्धोकही आहे, पुढच्या वेळी तो राहिलेलं काम पुन्हा बघून पूर्ण करतो. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामबद्दल मी इतक्या बिनधास्त सांगणार नाही. रांग मोडली की बटण दाबायचं, डबा पूर्ण उठू द्यायचा (दोन-तीन मिनिटं), आणि एकच बॅकअप हाताने चालवून बघायचा.

डबा चालू आहे, तरीही पिंग नाही, असंही होतं. राउटरने लाइट आल्यावर त्याला वेगळाच पत्ता दिलेला असतो. राउटरमध्ये जाऊन डब्याचा पत्ता कायमचा बांधून टाका.

परत होऊ नये म्हणून चार गोष्टी, सगळ्यात स्वस्त आधी. डब्याच्या सेटिंगमध्ये ‘वीज आल्यावर आपोआप चालू’ असा पर्याय बहुतेकदा असतो, तो लावा. क्रॉनच्या ओळीत बॅकअपच्या आधी एफएलओसीके -एन आणि एका कुलूप-फाइलचं नाव घाला, म्हणजे आधीचा बॅकअप अडकला असेल तर पुढचा सुरूच होणार नाही. चाळीसऐवजी एकच अडकेल. डब्याचा प्लग यूपीएसवर न्या. यूपीएसची बॅटरी जुनी असेल तर ती बदला. इंटरनेटवर बरेच जण जोडणी ‘सॉफ्ट’ करा म्हणतात. मी करत नाही. सॉफ्टमध्ये डबा गप्प झाला की लिहिणं अर्ध्यात सोडून चूक परत येते, आणि ती चूक न तपासणारा प्रोग्राम अर्धवट फाइल टाकून मोकळा होतो. अडकलेलं मशीन दिसतं तरी, अर्धवट बॅकअप तो लागेल त्याच दिवशी कळतो.

झेड दिसले तर

दोन-चार झेड असले तर काही करू नका. झेड म्हणजे प्रोसेस संपली आहे, पण तिच्या पालकाने तिचा निकाल अजून घेतलेला नाही. ती मेमरी खात नाही, सीपीयू खात नाही, लोडमध्येही मोजली जात नाही. तिला किल मारणं म्हणजे मेलेल्याला मारणं. संख्या रोज वाढत शंभरावर जात असेल तर पीपीआयडीच्या स्तंभातून पालक शोधा आणि तो प्रोग्राम नीट बंद करून चालू करा. पालक गेला की ही अनाथ पोरं क्रमांक १ च्या प्रोसेसकडे जातात आणि ती त्यांची नावं काढून टाकते.

डब्याचा संबंध नाही, तरी डी आहे

आता जरा गंभीर. डीमधल्या प्रोसेस वेगवेगळ्या प्रोग्रामच्या आहेत, डब्ल्यूसीएचएएनमध्ये आयओ_शेड्यूल किंवा जेबीडी२ने सुरू होणारा शब्द आहे, टॉपमध्ये डब्ल्यूए तीस-चाळीसच्या पुढे आहे. म्हणजे मशीनची स्वतःची डिस्क उत्तर देत नाही.

सूडो डीमेसेज -टी | टेल -५०

यात ‘१२० सेकंदांपेक्षा जास्त अडकली’ अशा अर्थाच्या ओळी, किंवा एटीएने सुरू होणाऱ्या ओळी आणि आय/ओ एरर दिसले तर डिस्कची पत्रिका काढा:

सूडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए

लांबलचक यादी येते. शेवटचा स्तंभ बघा, आणि क्रमांक फक्त तीन: ५ (डिस्कने बदलून टाकलेल्या खराब जागा), १९७ (वाचता न येणाऱ्या जागा), १९९ (केबलवरून जाताना झालेल्या चुका). १९९ वाढत असेल आणि बाकी दोन शून्य असतील तर डिस्क नाही, केबल दोषी असण्याची शक्यता मोठी. मशीन बंद करून, प्लग काढून डिस्कची केबल दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवा, नाहीतर नवी टाका. शे-दोनशे रुपयांचं काम. दोन वर्षांत तीन मशीनं मी नुसत्या केबलवर उभी केली आहेत.

१९७ शून्याच्या वर असेल तर तिथेच थांबा. डिस्कवर अशा जागा आहेत ज्या आता वाचता येत नाहीत. फाइल सिस्टिम दुरुस्त करायची कमांड चालवू नका, ती मरणाऱ्या डिस्कला आणखी पळवते. जो डेटा निघतोय तो आधी दुसरीकडे काढा. बॅकअप नसेल, डिस्क टकटक आवाज करत असेल, तर मशीन बंद करा आणि डेटा काढणाऱ्या जाणकाराकडे जा. ही एकच वेळ अशी आहे जिथे मी स्वतः फोनवर "बंद करा" म्हणतो.

अनोळखी नाव दिसलं तर

कधीकधी टॉपमध्ये एखादं नाव तासन्‌तास सगळे कोअर खात असतं आणि ते ओळखीचं नसतं. चौकोनी कंसातली नावं कर्नलच्या स्वतःच्या धाग्यांची असतात, त्यांचा पीपीआयडी २ असतो. हे चोरांनाही माहीत आहे. केडेव्हटीएमपीएफएस नावाचा खरा कर्नलधागा आहे. केडेव्हटीएमपीएफएसआय, शेवटी एक आय जास्त, हा तुमच्या मशीनवर आभासी (क्रिप्टो) नाणी खणणारा घुसखोर. नावावर जाऊ नका, पत्ता बघा:

सूडो एलएस -एल /प्रोक/क्रमांक/ईएक्सई

क्रमांकाच्या जागी पीआयडी. पत्ता टीएमपी फोल्डरमधला आला, किंवा पुढे ‘डिलीटेड’ लिहिलेलं आलं, तर संशय घ्या. डिलीटेड मात्र नुकत्याच अपडेट झालेल्या भल्या प्रोग्रामसमोरही दिसतं, म्हणून दोन्ही खुणा एकत्र बघा.

खात्री वाटली तर किल मारत बसू नका. क्रॉनमध्ये त्याचा भाऊ बसलेला असतो, मिनिटभरात नवा येतो. नेटवर्कची केबल काढा, मशीन चालूच ठेवा, फोटो काढा आणि सुरक्षेचं काम करणाऱ्याला बोलवा. अशा मशीनवर मी साफसफाई करत नाही. डेटा तपासून बाजूला घ्यायचा आणि सगळं नव्याने बसवायचं. आत कसा आला हे न शोधता परत जोडलेलं मशीन महिनाभरात परत पकडलं जातं.

इथे हात आवरा

डेटाबेसच्या प्रोसेसला -९ कधीही नाही. पोस्टग्रेसची एक जरी प्रोसेस -९ ने मारली तरी तो सगळ्यांच्या जोडण्या तोडून स्वतःला पुन्हा उभा करतो. दवाखान्यात भर ओपीडीत हे झालेलं मी पाहिलंय, बिलाच्या खिडकीपर्यंत ओरडा ऐकू येत होता. बाकी प्रोग्रामनाही आधी साधं किल, दहा सेकंद थांबायचं, मग गरज पडली तरच -९. साध्या किलमध्ये प्रोग्रामला आवराआवर करायला वेळ मिळतो, -९ मध्ये मिळत नाही.

वरच्या सगळ्या तपासण्या झाल्या, डबा ठीक, केबल ठीक, १९७ शून्य, तरीही डीमधली प्रोसेस तासभर तशीच असेल तर ड्रायव्हर किंवा कर्नलचा प्रश्न आहे. तो फोनवर सुटत नाही. बोलवाल त्याला चार फोटो पाठवून ठेवा: अपटाइम, टॉपचा वरचा भाग, डीची यादी आणि डीमेसेजच्या शेवटच्या पन्नास ओळी. आणि लाइट शेवटची कधी गेली ते सांगा, त्याने विचारलं नाही तरी.